निरोपाची मुद्रा आणि निरोपाचें मोर्तब

व्यवहारांत शब्दाला किंमत असते हें खरें. परंतु तो शब्द कोणाचा आहे हें कळल्यावांचून त्याची किंमत ठरत नाहीं. ‘आज रात्रीं वीज तोडली जाईल’ हे पांच शब्द वीज कंपनीचे असले तर गृहस्थानें निमूटपणें देयक भरावें, आणि तेच शब्द एखाद्या भामट्याचे असले तर मोबाईल खालीं ठेवून स्वस्थ बसावें. शब्द तेच, परंतु एकाचें फळ सोय आणि दुसऱ्याचें फळ आयुष्याच्या पुंजीवर पाणी! २०२२ सालीं महाराष्ट्रांत असे खोटे निरोप अनेक घरीं आले व त्यांस भुलून कित्येक सुशिक्षित माणसांनीं, विशेषतः सेवानिवृत्त वृद्धांनीं, आपल्या ठेवी गमावल्या, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

म्हणून व्यापारी निरोपांची नोंदणी हा जो वरकरणीं रुक्ष व केवळ दुकानदारांचा विषय, त्यास आम्ही या कौटुंबिक सदरांत आज स्थान देत आहों. त्याचे धागे दुकानाच्या गल्ल्यापर्यंत जितके पोंचतात तितकेच आपल्या ओटीवर व माजघरांतही पोंचतात. शिवाय आज आपल्या समाजांत असें घर विरळा, कीं ज्यांत कोणी ना कोणी कांहीं व्यवसाय करीत नाहीं. कोणाची शिकवणी, कोणाचा दवाखाना, कोणाचे घरगुती मसाले, कोणाचें सभागृह. या सर्वांना गिऱ्हाइकांस निरोप धाडावे लागतात, आणि ते कसे धाडावे यासंबंधीं कायदा आहे हें पुष्कळांच्या गांवींही नसतें.

ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. जुन्या मराठी पत्रव्यवहाराशीं ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांस हें ठाऊक असेल कीं, शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटविलेली असे व शेवटीं मोर्तब असे. मुद्रेवरून पत्र कोणाचें हें कळे. मोर्तबावरून तें कोठें संपलें हें कळे, आणि त्यामुळें मागाहून त्याखालीं दोन ओळी घुसडण्याची सोय कोणास राहत नसे. पुढें इंग्रजी अमदानींत तारा आल्या, तेव्हां मोठमोठ्या पेढ्या तारखात्याकडे आपला संक्षिप्त पत्ता नोंदवीत व तो एकच शब्द आपल्या कागदांवर अभिमानानें छापीत. ती तारसेवा १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशांत बंद झाली. परंतु निरोप धाडणाऱ्यानें आपलें नांव आधीं सरकारदरबारीं नोंदवावें, ही जुनी रीत मोबाईलच्या युगांत नव्या वेषानें परत आली आहे.

हा वेष कसा घडत गेला तें थोडक्यांत सांगतों. दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला लोक ‘ट्राय’ म्हणतात, तें १९९७ च्या कायद्यानें स्थापन झालें. नको असलेल्या जाहिरातींचा उपद्रव वाढल्यावर या प्राधिकरणानें २००७ सालीं पहिले नियम केले व ज्यांस असे फोन नकोत त्यांच्या क्रमांकांची यादी ठेवण्यास आरंभ केला. ते पुरेसे पडले नाहींत म्हणून २०१० सालीं दुसरे केले. तेही अपुरे ठरल्यावर १९ जुलै २०१८ रोजीं तिसरे आले, आणि आजची सारी व्यवस्था या तिसऱ्या नियमांवर उभी आहे. पूर्वींच्या नियमांत भर होता तो घेणाऱ्यानें ‘नको’ म्हणण्यावर. २०१८ च्या नियमांनीं ‘मी अमुक, माझा निरोप अमुक’ असें आधींच सांगून ठेवण्याचा भार धाडणाऱ्यावर टाकला. हा फरक लहान नाहीं. दाराला कडी लावणें वेगळें, आणि येणाऱ्यानें आधीं नांव सांगावें असा दंडक घालणें वेगळें.

आतां हा दंडक घरीं बसल्या कसा ओळखावा तें पाहूं. कायदेशीर व्यापारी निरोप दहा आंकडी खाजगी क्रमांकावरून येत नाहीं. त्याच्या माथ्यावर आधीं दोन अक्षरें, मग एक आडवी रेघ व मग पाठविणाऱ्याचें सहा अक्षरांपर्यंतचें नोंदलेलें नांव असतें. हें नांव म्हणजे त्याची मुद्रा. व्यवहारांत तिला ‘हेडर’ म्हणतात. पहिल्या दोन अक्षरांपैकीं एक मोबाईल कंपनीचें व दुसरें निरोप ज्या सेवाक्षेत्रांतून सुटला त्याचें. महावितरणनें आपल्या ग्राहकांस पूर्वींच कळविलें होतें कीं, आमचे निरोप ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’ किंवा ‘एएम-एमएसईडीसीएल’ अशा नांवानें येतात, कोणा व्यक्तीच्या क्रमांकावरून नव्हे. ज्या घरांत ही एक गोष्ट ठाऊक होती, त्या घरांतील वृद्ध गृहस्थ त्या साथींत बहुधा बचावले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं नियमांत जी दुरुस्ती झाली तिनें मुद्रेबरोबर मोर्तबही आलें. आतां नांवाच्या शेवटीं आणखी एक अक्षर असतें. ‘पी’ असेल तर तो प्रचाराचा निरोप, ‘एस’ असेल तर सेवेचा, ‘टी’ असेल तर व्यवहाराचा, आणि ‘जी’ असेल तर सरकारी. वीज तोडण्याची धमकी शेवटीं ‘पी’ घेऊन आली, किंवा दहा आंकडी क्रमांकावरून आली, तर पुढें वाचण्याचेंही कारण नाहीं.

ही झाली घेणाऱ्याची बाजू. धाडणाऱ्याच्या बाजूनें एका वाचकभगिनीनें आम्हांस जें पत्र लिहिलें आहे तें विचार करण्याजोगें आहे. या बाई घरीं भाजणी, मेतकूट व गोडा मसाला करून विकतात, आणि त्याच मिळकतीवर त्यांचे संसाराचे दोन जड हप्ते भागतात. आश्विन महिन्यांत त्यांनीं फराळाच्या मागणीसाठीं आपल्या मोबाईलवरून कांहींशें लोकांस निरोप धाडला. यांत नेहमींचीं गिऱ्हाइकें होतींच, परंतु एका लग्नसमारंभाच्या यादींतून मिळालेले क्रमांकही होते. थोड्याच दिवसांत त्यांच्या क्रमांकावरून फोन करणें व निरोप धाडणें बंद झालें, आणि ऐन मोसमाचे पंधरा दिवस हातचे गेले. ‘मीं कोणाला फसविलें नाहीं, माल चोख दिला, मग मला ही शिक्षा कां?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्नांतील दुःख खरें आहे व आम्हांस त्याची पूर्ण सहानुभूति आहे. तथापि नियम काय म्हणतो तें स्पष्ट सांगणें हेंच खरें साहाय्य होय. नोंदणी नसलेल्या क्रमांकावरून व्यापारी निरोप धाडल्याबद्दल दहा दिवसांत पांच निरनिराळ्या ग्राहकांच्या तक्रारी आल्या कीं त्या क्रमांकावर कारवाई सुरू होते. पूर्वीं ही मर्यादा सात दिवसांत दहा तक्रारींची होती. २०२५ च्या दुरुस्तीनें ती कडक झाली. पहिल्या अपराधास जाणारी सेवा पंधरा दिवस बंद. पुन्हां तेंच घडलें तर त्या व्यक्तीच्या नांवावरील सर्व दूरध्वनि सर्व कंपन्यांकडे एक वर्षपर्यंत तोडले जातात. माल चोख होता कीं खोटा, याची येथें विचारणाच नाहीं. ज्या घरीं आपल्याला बोलावलें नाहीं त्या घराचें दार वाजविलें, एवढाच प्रश्न आहे. आणि लग्नाच्या यादींत आपला क्रमांक देणारानें तो अक्षतांसाठीं दिला होता, मेतकुटासाठीं नव्हे, हें या भगिनींनाही विचारांतीं पटेल. वर्षभर फोन तुटणें म्हणजे घरगुती व्यवसायाचा अंतच. म्हणून दुसरी वेळ येऊं देऊं नये, व त्याकरितां रीतसर मार्ग धरावा.

तो मार्ग असा. पहिली पायरी स्वतःच्या नोंदणीची. कोणत्याही एका मोबाईल कंपनीच्या ‘डीएलटी’ नांवाच्या नोंदवहींत व्यवसायाचें नांव घालावें लागतें. पॅन, व्यवसायाचा दाखला, सही करणाऱ्यास दिलेलें अधिकारपत्र व ओळखीचा पुरावा हीं कागदपत्रें सामान्यतः मागतात, आणि शुल्क पडतें. हें सारें पुरें झालें कीं एकोणीस आंकड्यांचा ओळखक्रमांक मिळतो. ही वही एका कंपनीच्या पेटींत बंद नसते. तिची प्रत सर्व कंपन्यांकडे एकाच वेळीं असते व एकानें केलेली नोंद दुसऱ्यास गुपचूप खोडतां येत नाहीं. त्यामुळें एके ठिकाणीं नोंदलेल्यास दहा ठिकाणीं खेटे घालावे लागत नाहींत.

दुसरी पायरी मुद्रेची. आपल्या व्यवसायाच्या नांवाशीं ज्याचा संबंध दाखवितां येईल असें संक्षिप्त नांव मागावें. भलत्याच प्रसिद्ध संस्थेच्या नांवाशीं मिळतेंजुळतें नांव मागितल्यास तें नाकारलें जातें, आणि तें योग्यच आहे.

तिसरी पायरी मजकुराची, आणि पुष्कळ लोक येथेंच अडखळतात. निरोपाचा सांचा आधीं मंजूर करून घ्यावा लागतो. त्यांत कायम शब्द कोणते व गिऱ्हाइकागणिक बदलणारे, जसें नांव, रक्कम, तारीख, ते कोणते, हें दाखवावें लागतें. बदलत्या जागींही मजकूर किती लांब असावा यास मर्यादा आहे. निरोप सुटतांना यंत्र तो मंजूर सांच्याशीं ताडून पाहतें. कायम शब्दांत एक कानामात्रा इकडची तिकडे झाली तरी निरोप वाटेंतच थांबतो, व दुकानदार मात्र ‘पाठविला होता कीं!’ म्हणत बसतो.

चौथी पायरी दुव्यांची. १ ऑक्टोबर २०२४ पासून निरोपांत संकेतस्थळाचा दुवा घालावयाचा असेल तर तोही आधीं नोंदवावा लागतो. नोंद नसलेल्या दुव्याचा निरोप पुढें जात नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरपासून, दुकानदारापासून मोबाईल कंपनीपर्यंत निरोप ज्या ज्या मध्यस्थांच्या हातून जातो त्या सर्वांची सांखळी नोंदलेली असणें आवश्यक झालें. याचें कारण उघड आहे. चोरांनीं मुद्रा चोरण्याचा उद्योग आरंभिला होता. भल्या माणसाच्या नोंदलेल्या नांवाखालीं मधल्याच एखाद्या हातानें भलता निरोप सोडला, तर तो हात कोणता हें शोधतां आलें पाहिजे.

पांचवी गोष्ट पायरी नव्हे, पायाच आहे. ती म्हणजे घेणाऱ्याची संमति. ‘आपली भाजणी तयार आहे’ हा मागणी देणाऱ्यास कळविण्याचा निरोप वेगळा, आणि ‘यंदा चकल्याही घ्या’ हा प्रचाराचा निरोप वेगळा. दुसऱ्यासाठीं स्पष्ट संमति असावी, तो सकाळीं १० ते रात्रीं ९ याच वेळांत जावा, व ‘पुन्हां पाठवूं नका’ असें कळविण्याची सोय त्यांतच असावी. एकास परवानगी मिळाली म्हणून दुसरा त्याच्या पाठीवर बसवून धाडणें हें नियमाला धरून नाहीं, शिष्टाचारालाही नाहीं.

येथें मराठीच्या अभिमान्यांस एक हिशेब सांगितला पाहिजे. एका निरोपाच्या पाकिटांत १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. रोमन अक्षर ७ बिटांत बसतें म्हणून इंग्रजी निरोपास १६० चिन्हें मिळतात. देवनागरीस प्रत्येक चिन्हामागें १६ बिट लागतात म्हणून आपल्यास अवघीं ७०. शिवाय यंत्र मोजतें तें अक्षर नव्हे, चिन्ह. ‘क्षितिज’ हा तीन अक्षरांचा शब्द त्याच्या हिशेबीं सात चिन्हांचा. मजकूर ७० च्या वर गेला कीं दोन पाकिटांचे दाम पडतात, आणि जोडपाकिटांत प्रत्येकीं ६७ च चिन्हें मावतात. म्हणून कित्येक जण मायबोली सोडून मोडक्या इंग्रजींत निरोप धाडतात. आमच्या मतें याची गरज नाहीं. ‘भाजणी तयार आहे, घेऊन जावी.’ हा निरोप मोकळ्या जागा धरून २६ चिन्हांत बसतो. पुढें दुकानाचें नांव घातलें तरी जागा उरते. आपल्या आज्यांनीं पोस्टकार्डाच्या कोपऱ्यांत सगळ्या घराचें क्षेमकुशल बसविलें; त्यांच्या नातींना ७० चिन्हें अपुरीं पडूं नयेत.

या व्यवस्थेचे दोष झांकण्याचें आमच्या मनांत नाहीं. ८ मार्च २०२१ रोजीं मजकूर ताडून पाहण्याची ही पद्धति देशभर एकदम सुरू झाली, आणि नोंदणी अपुरी असलेल्या मोठमोठ्या संस्थांचे निरोप अडकून पडले. बँकांचे परवलीचे आंकडे पोंचेनात, लोकांचे व्यवहार खोळंबले. दुसऱ्याच दिवशीं प्राधिकरणास ती पद्धति सात दिवस स्थगित करावी लागली. ज्यांच्याजवळ कारकून व वकील होते त्यांची ही दशा, तर एकट्या हातानें घर व धंदा चालविणाऱ्या बाईची काय? बँकेस जी नोंदणी तीच मेतकूटवालीस, तीच कागदपत्रें, तोच इंग्रजी अर्ज. हें समतेचें दिसतें, पण न्यायाचें वाटत नाहीं. लहान व्यवसायांसाठीं अल्प शुल्काची, मराठींतून भरतां येईल अशी सोपी वाट करून देणें सरकारला अशक्य नाहीं. तोंपर्यंत ज्यांचीं गिऱ्हाइकें मोजकींच आहेत त्यांनीं उगाच घोळक्यानें निरोप धाडूं नयेत. मागणी नोंदविणाऱ्यास एकेकट्यानें फोन करावा, तो अधिक गोडही लागतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. नोंदणीनें माणूस कोण हें कळतें, तो प्रामाणिक आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. मुद्रा खरी असून मजकूर लबाड असूं शकतो. परंतु खऱ्या मुद्रेखालीं लबाडी करणाऱ्यास पत्ता असतो, व ज्यास पत्ता असतो त्यास जाब विचारतां येतो. नोंदणीपासून याहून अधिक अपेक्षा करूं नये, आणि याहून कमीही मानूं नये.

परदेशीं असलेल्या आमच्या वाचकांस हें सारें निराळ्या स्वरूपांत भेटतें. अमेरिकेंत व्यवसायाचे निरोप दहा आंकडी साध्या क्रमांकावरूनच धाडतां येतात. मात्र त्या क्रमांकामागील व्यवसाय, त्याचा करक्रमांक, निरोपाचा हेतु, नमुन्याचा मजकूर व संमति कशी घेतली हें सर्व ‘द कॅम्पेन रजिस्ट्री’ या नोंदवहींत आधीं दाखल करावें लागतें, नाहीं तर कंपन्या निरोप अडवितात. तेथें १९९१ च्या कायद्यान्वयें, संमतीवांचून स्वयंचलित यंत्रानें धाडलेल्या निरोपाबद्दल घेणारा प्रत्येकीं ५०० डॉलर मागूं शकतो, व बुद्धिपुरस्सर केलें असल्यास न्यायालय ती रक्कम तिप्पट करूं शकतें. सिंगापुरांत ३१ जानेवारी २०२३ पासून नोंद नसलेल्या नांवानें आलेल्या निरोपाच्या माथ्यावर ‘बहुधा फसवणूक’ अशा अर्थाचा शिक्काच बसूं लागला. देश निराळे, रीत निराळी, पण तत्त्व एकच.

शेवटीं प्रत्येक घरानें करावयाच्या चार गोष्टी सांगून हें पुरें करितों. घरांतील वडील मंडळींस मुद्रा व मोर्तब कसें वाचावें हें एका निवांत दुपारीं शेजारीं बसून दाखवावें. त्यांस हंसूं नये, कारण ही लिपि त्यांच्या शाळेंत नव्हती. नको असलेले प्रचाराचे निरोप बंद करण्यासाठीं १९०९ या क्रमांकावर कळवावें, व तरीही आल्यास सात दिवसांच्या आंत तेथेंच तक्रार द्यावी. फसवणुकीचा संशय आल्यास सरकारच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ या विभागांत नोंद करावी, आणि पैसे गेलेच तर लाजेनें घर धरून न बसतां तत्काळ १९३० वर फोन करावा. तेथें घटकेघटकेला किंमत आहे. आणि आपण स्वतः व्यवसाय करीत असलों तर दुसऱ्याच्या यादीवर हात मारूं नये.

मुद्रा उमटविण्याचा अधिकार राजाला होता, कारण पत्रांतील शब्दाची जबाबदारी त्याच्यावर होती. आज तो अधिकार सहा अक्षरांत दुकानदारालाही मिळाला आहे. त्याबरोबरची जबाबदारी त्यानें उचलावी, आणि ती मुद्रा वाचण्याची संवय आपण घरोघरीं लावून घ्यावी. न वाचलेली मुद्रा आणि न उमटविलेली मुद्रा यांत चोराच्या दृष्टीनें कांहींच फरक नाहीं.